नानांच्या पोटातल्या कळा: ट्रायलमध्ये घालायचं की ब्लॉक करून घ्यायचा?

नानांची_लेक

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबण लागणार आहे, आधीच माफी मागते.

माझे वडील, आम्ही नाना म्हणतो, वय ६८, एसटीत कंडक्टर होते. मार्चमध्ये कावीळ झाली, गावात ती उतरवूनही झाली दोनदा, मग डोळे हळदीसारखे झाले तेव्हा नाशिकला नेलं. तिथे पित्ताची वाट मोकळी करायला स्टेंट, म्हणजे बारीक नळी, टाकला आणि सीटीत स्वादुपिंडाची गाठ दिसली. पुढे मुंबईला नेलं तर सर्जननी पाच मिनिटांत सांगितलं की गाठ मागच्या मोठ्या रक्तवाहिनीला गुंडाळून बसलीय, हे कापून काढण्यातलं नाही. केमो चालू आहे, चार सायकल झाल्या, गाठ वाढत नाहीये असं म्हणतात.

पण दुखणं! छातीच्या खाली जो खळगा असतो तिथून आरपार पाठीत जातं, नाना म्हणतात मागून कोणीतरी सळई ढकलतंय. दिवसा त्यातल्या त्यात बरं, रात्री आडवं झालं की सुरू. त्यामुळे गेला दीड महिना ते झोपतच नाहीत, म्हणजे आडवे होत नाहीत. कॉटसमोर टीपॉय ठेवतो, त्यावर दोन उशा, उशांवर गोधडीची घडी, आणि तिला मिठी मारून डोकं टेकून बसतात. आई म्हणते मुक्कामी गाडीवर असताना तिकिटाच्या पेटीवर मान टाकून असेच झोपायचे.

आता प्रश्न. माझा चुलतभाऊ टोरांटोला असतो, त्याने काहीतरी पाठवलंय की इस्रायलमध्ये दुखण्यावर रेडिएशनची ट्रायल झाली, एकाच दिवसात काम. इथले डॉक्टर म्हणतात ब्लॉक करू, म्हणजे पाठीतून सुई घालून नसा बधिर करायच्या. माझा सख्खा भाऊ म्हणतो करायचं तर ट्रायलच शोध, नवीन औषधं तिथेच मिळतात. आई म्हणते माझ्या माणसावर प्रयोग नकोत. आणि मी तिघांच्या मध्ये.

अशा नुसत्या दुखण्यासाठीच्या ट्रायल आपल्याकडे असतात का, कुठे शोधायच्या, आणि ट्रायलमध्ये खोटं इंजेक्शन देतात हे खरं का? कुणाला अनुभव असेल तर प्लीज लिहा.

पेठेतला_बाप्या

ताई, वाचून पोटात गोळा आला. माझ्या सासऱ्यांचं अगदी हेच, फक्त ते उशीऐवजी खुर्चीवर उलटे बसायचे, पाठीकडे तोंड करून.

आम्ही केलेली चूक सांगतो. डॉक्टरांनी ब्लॉकचं पहिल्याच महिन्यात सुचवलेलं, आम्हीच म्हणालो आत्ता नको, अगदीच सहन होईनासं झालं तर बघू. चार महिन्यांनी सहन होईनासं झालं तेव्हा पोटात पाणी, प्लेटलेट्स खाली, आणि मग तेच डॉक्टर म्हणाले आता सुई घालणं रिस्की आहे. ब्लॉक म्हणजे शेवटचं हत्यार असं आमच्या डोक्यात बसलेलं होतं, कुणी बसवलं माहीत नाही. ट्रायलबिलचं मला काही कळत नाही, भूलवाले डॉक्टर इथे आहेत त्यांना हाक मारतो.

भूलभुलैया

हजर. भूलतज्ञ आहे, गेली काही वर्षं पेन क्लिनिकच बघतो. इथे सल्ला नाही, फक्त माहिती, निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबरच.

आधी दुखतं कुठे ते. महाधमनीच्या पुढच्या बाजूला, पाठीचा शेवटचा बरगडीवाला मणका आणि कमरेचा पहिला मणका यांच्या पातळीवर नसांचं एक जाळं असतं, सीलिअॅक प्लेक्सस. जठर, यकृत, स्वादुपिंड, सगळ्यांची खबर या मनमाड जंक्शनवरून वर मेंदूकडे जाते. स्वादुपिंड त्याच्या अगदी अंगाला लागून, आणि हा कॅन्सर नसांच्या कडेकडेने पसरण्यात फार तरबेज आहे. म्हणून पोटातलं दुखणं पाठीत जातं, आडवं झालं की वाढतं आणि पुढे वाकलं की जरा हलकं वाटतं. नानांनी टीपॉयचा शोध स्वतःच लावलाय तो याच कारणाने.

ब्लॉकमध्ये या जंक्शनवर अल्कोहोल सोडतात आणि नसा जाळतात. पालथं झोपवून पाठीतून सीटीखाली करतात, किंवा तोंडातून एंडोस्कोपी घालून जठराच्या भिंतीतून, सोनोग्राफीच्या नजरेखाली. ही काही नवलाईची गोष्ट नाही, आणि ट्रायल म्हणाल तर याच्यावर भरपूर झाल्यात. १९९३ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये पोट उघडल्यावर गाठ निघत नाही असं दिसलं की निम्म्यांना अल्कोहोल आणि निम्म्यांना नुसतं सलाईन टोचलं, १३७ पेशंट होते, अल्कोहोलवाल्यांचं दुखणं पुढे कित्येक महिने कमी राहिलं. २००४ मध्ये मेयो क्लिनिकची १०० पेशंटची, त्यात एका गटाला खरा ब्लॉक आणि दुसऱ्याला खोटी सुई. दुखणं ब्लॉकवाल्यांचं जास्त कमी झालं, पण गंमत म्हणजे मॉर्फिनसारख्या औषधांचा डोस काही दोन गटांत वेगळा निघाला नाही, आयुष्यही वाढलं नाही. आणि २०११ ची माँट्रियलची, ९६ पेशंट. ही मला सगळ्यात आवडते कारण त्यांनी तपासणीच्या टेबलवरच, गाठ निघणारी नाही हे कळल्याकळल्या, निम्म्यांना लगेच ब्लॉक दिला. तीन महिन्यांनी त्यांचं दुखणं दुसऱ्या गटापेक्षा कमी होतं. बाप्याराव म्हणतात ते आकड्यांतही दिसतं, ब्लॉक उशिरापर्यंत राखून ठेवायची वस्तू नाही.

सगळंच गोड नाही. जपानमधून २०२० साली आलेल्या एका छोट्या ट्रायलमध्ये नीट डोसची ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनच्या जातीची, औषधं चालू असताना वर ब्लॉक देऊन विशेष फरक दिसला नाही. म्हणजे औषधं अर्धवट देऊन ब्लॉककडे पळणं बरोबर नाही आणि औषधांवर भागतंय म्हणून ब्लॉक विसरणंही नाही. तर पहिला प्रश्न माझा तुम्हाला: नाना मॉर्फिन किती घेतात, आणि खरंच घेतात का?

खोट्या इंजेक्शनबद्दल. हो, असतं काही ट्रायलमध्ये. पण दुखण्याच्या कुठल्याही धड ट्रायलमध्ये खोट्या गटालाही दुखणं थांबवायची नेहमीची औषधं चालूच असतात, कुणाला कळवळत ठेवत नाहीत. हे सहमतीच्या कागदात लिहिलेलं असतं, नसेल तर उठून यायचं.

टोरांटोची_माई

मी रेडिएशनमधली टेक्निशियन, त्यामुळे चुलतभावाने पाठवलेलं काय असेल ते ओळखलं. तेल अवीवजवळच्या शेबा मेडिकल सेंटरच्या मंडळींनी सुरू केलेलं काम, २०२४ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत आलं. वर डॉक्टरांनी जे जंक्शन सांगितलं त्याच्यावरच सुईऐवजी रेडिएशन, एकाच बैठकीत २५ ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनच्या डोसचं माप). आमच्या डिपार्टमेंटमध्ये साधारण १.८ ते २ ग्रे रोज असं आठवडेच्या आठवडे देतात, त्यामुळे एका दिवसात २५ ऐकून मी पण चमकले होते. तीन आठवड्यांनी ज्या ९० जणांचं मोजमाप झालं त्यातल्या ४८ जणांना बऱ्यापैकी आराम होता, म्हणजे निम्म्याहून किंचित जास्त.

पण ताई, त्यात तुलनेला दुसरा गट नव्हता. सगळ्यांना रेडिएशनच. त्यामुळे ब्लॉकपेक्षा चांगलं का वाईट हे त्या ट्रायलवरून कुणीच सांगू शकत नाही. तुमच्या भावाला सांगा की नवीन म्हणजे जास्त चांगलं हे तपासायचं बाकी असतं, म्हणूनच तर ट्रायल करतात. आणि त्यासाठी नानांना घेऊन विमानात बसू नका हो, पाठीत सळई घेऊन इतके तास. तुमच्या तिथल्या रेडिएशनवाल्यांना विचारा, असं काही करतात का म्हणून.

स्पष्टवक्ता

सगळे डॉक्टर आणि मेडिकलवालेच बोलतायत म्हणून आमचंही ऐका. ट्रायल म्हणजे कंपन्यांचा धंदा. गरीब बघायचा, इंग्रजी कागदावर अंगठा घ्यायचा, मेला तर कॅन्सरने मेला. तुमच्या आईंचं बरोबर आहे. उंदीर व्हायची हौस असेल तर जा.

भूलभुलैया

स्पष्टवक्ते, राग समजतो आणि तो हवेतून आलेला नाही, आपल्याकडे असले प्रकार झालेत म्हणूनच कायदे कडक झाले. २०१९ चे नवीन औषधं आणि क्लिनिकल ट्रायलचे नियम आहेत, त्यात ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि नुकसानभरपाई. एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. सहमतीचा कागद पेशंटला कळणाऱ्या भाषेत द्यावा लागतो, म्हणजे मराठीत मागायचा आणि मिळतो. सही केल्यावर कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं, आणि बाहेर पडलात म्हणून नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. आणि ट्रायलमधल्या औषधाचे कुणी पैसे मागितले तर मात्र तुमचा संशय मलाही मान्य.

ताई, शोधायचं कुठे: सीटीआरआय म्हणून आयसीएमआरची, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची, ट्रायलची नोंदवही आहे, नेटवर कुणालाही बघता येते. २००७ पासून आहे, २००९ पासून नोंदणी सक्तीची. तिथे पॅन्क्रिआटिक, पेन, सीलिअॅक असे शब्द घालून बघा. प्रत्येक नोंदीत हॉस्पिटल, डॉक्टरचं नाव, कोण चालतं कोण चालत नाही, आणि भरती चालू आहे का संपली, सगळं असतं. भरती संपलेल्या नोंदींवर जीव टाकू नका, लोक तिथेच फसतात. आणि कोण चालत नाही हा भाग आधी वाचा. आधी ब्लॉक झालेला पेशंट पुष्कळदा ब्लॉकच्या ट्रायलला चालत नाही, म्हणून क्रम महत्त्वाचा. पण म्हणून ट्रायल सापडेपर्यंत नानांना टीपॉयवर बसवून ठेवायचं नाही. दुखणं कमी करायला ट्रायलची गरज नाही, जे सिद्ध झालंय ते आजच मिळतं.

अजून एक. ट्रायल असो की ब्लॉक, सही नानांची लागते. तुमची नाही, भावाची नाही.

नानांची_लेक

सगळ्यांचे किती आभार मानू. डॉक्टर, तुमचा तो "खरंच घेतात का" वाचून मी आईला विचारलं. आणि आईने रडत सांगितलं की ती मॉर्फिनची गोळी अर्धी मोडून देते. दहाची लिहिलीय, दर चार तासांनी, ती पाचची देते आणि रात्रीची तर देतच नाही कारण झोपेत श्वास थांबला तर. उरलेले अर्धे तुकडे डब्यात साठवलेत, हळदीकुंकवाच्या जुन्या डबीत, मी मोजले तर छत्तीस निघाले. तिला कुणीतरी सांगितलं मॉर्फिन म्हणजे शेवट आला, आणि सवय लागते. मला तिच्यावर चिडता पण येईना.

दुसरी अडचण तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. नानांना कॅन्सर हे माहीत नाही. आम्ही स्वादुपिंडाला सूज सांगितलंय. केमोला "सलाईनमधून ताकदीचं औषध". फाइल मीच धरते, रिपोर्ट मीच वाचते. सही माझी चालली असती तर बरं झालं असतं.

सुलभा_सिस्टर

ताई, मी बत्तीस वर्षं नर्स, शेवटची अकरा पॅलिएटिव्हला, म्हणजे बरं न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या विभागात. आईंना माझा निरोप द्या, की तुमच्यासारख्या शंभर बायका मी पाहिल्यात आणि सगळ्या प्रेमानेच गोळी मोडतात.

दुखणाऱ्या माणसाला डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसमध्ये दिलेलं मॉर्फिन श्वास थांबवत नाही, व्यसन म्हणतात तसं लागत नाही. हळूहळू वाढवत नेतात, घड्याळाकडे बघून देतात, दुखायची वाट बघत नाहीत. एकदा कळ चढली की ती उतरवायला जास्त औषध लागतं, म्हणून अर्ध्या गोळीत उलट नुकसान. आता मात्र एकदम सगळं पूर्ण करू नका, आईंनी अर्धी देत होतो हे डॉक्टरांना खरं सांगा, ते सांगतील कसं वाढवायचं. डबीतले तुकडे फार्मसीत विचारून परत करा, घरात लहान मूल असेल तर आजच कडीकुलपात ठेवा. आणि मॉर्फिनबरोबर जुलाबाचं, म्हणजे संडास साफ करणारं, औषध पहिल्या दिवसापासून, संडास बंद झाली की तेच पोटदुखी म्हणून पुढे येतं. नाना जेवल्यावर तेलकट, तरंगणारी संडास होते का तेही विचारा, तसं असेल तर जेवणाबरोबर घ्यायच्या एन्झाइमच्या कॅप्सूल असतात, जेवणाबरोबर बरं का, नंतर नाही.

मॉर्फिन गावात मिळत नाही ही ओरड खरी आहे. २०१४ ला कायदा बदलून सोपं केलंय पण दुकानदार ठेवायला अजून घाबरतो. टाटाच्या पॅलिएटिव्ह विभागासारख्या ठिकाणी मिळतं, पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह सेंटर आहे तिथे तर ठेवूनही घेतात, पैसे घेत नाहीत, आणि घरच्यालाही शिकवतात.

न सांगण्याबद्दल मी काही बोलत नाही, तो तुमच्या घरातला विषय. फक्त एवढं, की केमोच्या वॉर्डात बाजूच्या खुर्चीवरचा पेशंट दहा मिनिटांत सगळं विचारतो आणि सगळं सांगतो.

पेठेतला_बाप्या

सिस्टर +१००. आमच्या सासऱ्यांना आम्ही "सूज" सांगितलेलं आणि ते हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये दुसऱ्या पेशंटला "माझा चौथ्या स्टेजचा आहे, तुमचा?" असं विचारताना सापडले.

नानांची_लेक

उशिरा लिहितेय, अठरा दिवस झाले. धागा वर काढते म्हणून माफ करा.

सीटीआरआय बघितलं. दोन नोंदी जवळच्या वाटल्या, एकीची भरती संपलेली आणि दुसरीत नाना बसत नव्हते. भावाला दाखवलं, तो गप्प झाला.

मग ब्लॉकसाठी नेलं. डॉक्टरांनी सहमतीचा कागद मराठीत दिला, मी पुढे हात केला तर ते म्हणाले पेशंटना द्या. नानांनी चष्मा मागितला. सव्वीस वर्षं वेबिल भरलेला माणूस, ओळीवर बोट ठेवून वाचतो. दुसऱ्या पानावर "स्वादुपिंडाच्या कर्करोगामुळे होणारी वेदना" असं छापलेलं होतं. मी आणि आई श्वास धरून. नानांचं बोट तिथे थांबलं, मग पुढे गेलं. शेवटच्या पानापर्यंत गेलं. मग त्यांनी डॉक्टरांना विचारलं, पाय लुळे पडतात असं लिहिलंय, किती जणांचे पडतात? डॉक्टर म्हणाले फार क्वचित, पण होऊ शकतं म्हणून लिहावं लागतं. नानांनी विचारलं, आणि आडवं झोपता येईल का? ते म्हणाले बहुतेकांना येतं, कायमचं नाही, काही महिने. नानांनी सही केली, तारीख घातली, वेळ पण घातली, कुणी मागितली नव्हती.

कॉरिडॉरमध्ये आईला म्हणाले, "अगं तिकडं प्रत्येक दारावर लिहिलंय, मला काय वाचता येत नाही?" बस एवढंच. त्यावर घरात अजून कुणी काही बोललेलं नाही.

सुई पाठीतून घातली, अर्ध्या तासाचं काम. उठवल्यावर बीपी एकदम खाली आलं, चक्कर आली, सलाईन लावून रात्रभर ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून पातळ संडास, दिवसातून पाच-सहा वेळा. दुखणं आधी दहापैकी आठ सांगायचे ते आता तीन, कधी चार. मॉर्फिन चालूच आहे, पूर्ण डोस, आई स्वतः अलार्म लावते. परवा रात्री दोनला उठून बघितलं तर नाना कुशीवर झोपलेले, टीपॉय भिंतीला लावून ठेवलेला, गोधडी अंगावर.

एक विचारायचं राहिलं, सिस्टर. जुलाबाचं औषध मॉर्फिनबरोबर पहिल्या दिवसापासून द्या म्हणालात, पण आता ब्लॉकमुळे आधीच पातळ होतंय, तर ते द्यायचं का थांबवायचं? आणि सकाळी उठताना अजून थोडी गरगर होते.

सुलभा_सिस्टर

पातळ होतंय तोवर जुलाबाचं औषध देऊ नका, पण आज फोन करून डॉक्टरांच्या कानावर घाला, पाच-सहा वेळा म्हणजे अंगातलं पाणी जातंय. ब्लॉकनंतर असं होतं, बहुतेकांचं काही दिवसांत थांबतं. थांबलं की एक दिवसाआड संडास होतेय का बघून औषध परत सुरू, ते विसरू नका. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घोट घोट. उठताना आधी कॉटवर दोन मिनिटं पाय सोडून बसवा, मग उभं करा, आणि रात्री बाथरूमला एकटं जाऊ देऊ नका. लघवी कमी झाली किंवा पायात बधिरपणा वाटला तर फोन नाही, सरळ हॉस्पिटल.

आणि टीपॉय इतक्यात माळ्यावर टाकू नका, केमोच्या दिवशी लागेल.